काकणाचा आंबा

आमच्या घरात दिवाळीची पहिली वर्दी काकण देत असे. भात कापून झाले, खळे चोपून सारवून गुळगुळीत झाले, की आश्विनातल्या एखाद्या पहाटे परसातल्या मोठ्या आंब्याच्या शेंड्यावरून 'कँक-कँक-कँक' असा खणखणीत आवाज येई. एकाने हाक घालावी आणि दुसऱ्याने तिला ओ द्यावी, अशी ती जुगलबंदी उजाडेपर्यंत चाले. आजी अंथरुणातच उठून बसे, हात जोडी आणि म्हणे, "आले हो आंब्यावरचे धनी. आता चकलीची भाजणी करायला हवी."

काकण म्हणजे बायकांच्या हातातले नव्हे. आमच्या बाजूला समुद्रगरुडाला काकण म्हणतात. हर्णे बंदराच्या दक्षिणेला, एका लहान खाडीच्या तोंडाशी आमचे गाव आहे. पुळणीवर उभे राहिले की डाव्या हाताला खाडी, समोर समुद्र आणि उजवीकडे दूरवर सुवर्णदुर्गाची काळी रेघ दिसते. काकणाला हवे ते सगळे इथे आहे. मासळीसाठी समुद्र आणि खाडी, टेहळणीसाठी खडक, आणि घरट्यासाठी उंच झाड. ते उंच झाड आमच्या परसात होते. पणजोबांच्याही आधीपासून उभा असलेला तो रायवळ आंबा होता. त्याचा बुंधा कवेत घ्यायला आम्हां तीन भावंडांचे हात पुरत नसत. फळ लहान, केसाळ आणि आंबट. लोणच्याखेरीज कशाच्या उपयोगाचे नव्हते. सातबाऱ्यावर त्याची नोंद नुसती 'आंबा १' अशी होती. गावात मात्र सगळे त्याला काकणाचा आंबा म्हणत.

काकणाची जोडी वर्षभर आसपासच असे, पण आश्विन-कार्तिकात तिची घरकामाची लगबग सुरू होई. आम्ही घराच्या भिंतींना चुना लावीत असू, तेव्हा ती दोघे जुन्या घरट्याची डागडुजी करीत. नर सुक्या फांद्या पायांत धरून आणी, मादी त्या चोचीने इकडून तिकडे सारून बसवी. नवे घरटे दरवर्षी बांधण्याची रीत त्यांच्यात नाही. जुन्यावरच थर चढवायचा. त्यामुळे आमच्या आंब्यावरचे घरटे माझ्या लहानपणीच बाजेएवढे रुंद झाले होते. काड्या बसल्या की वर हिरवा पाला अंथरला जाई. आई दाराला आंब्याचे टहाळे बांधी आणि वर काकणही हिरवी पाने नेत असे, तेव्हा मला वाटे, दोघांनाही कुणीतरी एकच सण सांगून ठेवला आहे.

पक्षी मोठा देखणा. डोके, मान, छाती आणि पोट परीटघडीच्या धोतरासारखे शुभ्र, पाठ आणि पंख राखाडी. खालून पाहिले की पांढऱ्या अंगाला पंखांची मागची काळी किनार उठून दिसते. शेपूट आखूड आणि पाचरीसारखे, मुळाशी काळे आणि टोकाला पांढरे. उभा असला की दोन-अडीच फूट भरतो; पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा-साडेसहा फूट. मादी नराहून अंगाने मोठी असते. घारीपासून त्याला दुरूनही ओळखता येते. आकाशात तरंगताना घार पंख बहुधा आडवे ठेवते. काकण ते वर उचलून धरतो. घराचे दोन पाखी छप्पर उलटे केले तर जसे दिसेल, तसा तो दिसतो. पायांच्या नळ्यांवर पिसे नसतात. पाण्यात पाय घालायचे तर धोतर वर खोचलेले बरे, हे त्याला ठाऊक असावे. पिल्लू मात्र तपकिरी असते. आईबापांचा पांढरा वेष अंगावर यायला त्याला तीन-चार वर्षे काढावी लागतात. ग्मेलिन नावाच्या जर्मन पंडिताने १७८८ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातल्या 'ल्युकोगॅस्टर' या शब्दाचा अर्थही 'पांढऱ्या पोटाचा' असाच आहे.

ही झाली पुस्तकातली माहिती. आजीची माहिती केरसुणीच्या टोकाला होती. आंब्याखाली रोज काय पडले हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसे. शिंगाळ्याच्या डोक्याची हाडे, खेकड्यांच्या नांग्या, बोयांचे खवले, आणि मण्यांच्या माळेसारखे समुद्रसापांचे मणके. एवढे सारे झाडून काढायचे म्हणजे तिची कंबर धरे. ती पुटपुटत असे, "मेल्यांना सोवळंओवळं म्हणून नाही." पण शेजारच्या कुणी पोराने वर दगड भिरकावला तर तीच केरसुणी घेऊन त्याच्या मागे धावे. मणके मात्र ती वेगळे काढून कुंपणाच्या मुळाशी टाकी, कारण गरुडाने मारलेला साप दाराशी असला की दुसरा साप फिरकत नाही, अशी तिची श्रद्धा होती. रात्री ती आम्हाला विनतेची गोष्ट सांगे. विनतेने दोन अंडी घातली. एक तिने उतावीळपणाने आधीच फोडले, त्यातून पांगळा अरुण निघाला. दुसऱ्याला तिने पुरा अवधी दिला, त्यातून गरुड निघाला आणि त्याने आईला कद्रूच्या दास्यातून सोडवले. पुढे मोठेपणी मी वाचले, की काकणाची मादीही बहुधा दोनच अंडी घालते. सहा आठवडे ती उबवावी लागतात, आणि दोन्ही फुटली तरी पुष्कळदा एकच पिल्लू वाढते. आमच्या आंब्यावर मी एका वेळी दोन पिल्ले कधी पाहिली नाहीत. आजी तेव्हा हयात नव्हती, नाहीतर ही गोष्ट ऐकून तिने पुन्हा एकदा हात जोडले असते.

काकणाचा दुसरा जाणकार म्हणजे बंदरावरचा म्हातारा तांडेल. आयुष्यभर होडीवर काढून तो आता किनाऱ्यावर जाळी सांधीत बसे. सुटीच्या दिवशी मी त्याच्या पायाशी जाऊन बसायचो. गरुड पक्ष्यांचा राजा, असे मी शाळेतून शिकून आलो होतो. तांडेल हसला. म्हणाला, "राजा कसला रे पोरा! तो आमच्यासारखाच दर्यावर पोट असलेला. गावला तर ताजा, नाय तर शिळा."

आणि त्याने मला ते दाखवलेही. रापण ओढून झाली, की जाळ्यात मासळीबरोबर आलेले समुद्रसाप कोळी काठीने उचलून पुळणीवर दूर फेकून देत. माणसे टोपल्या घेऊन वळली, की काकण खडकावरून उतरे आणि आरामात साप उचलून नेई. वाळूवर मरून पडलेला मासाही त्याला चालत असे. जिवंत शिकार करायची तेव्हा त्याचा डौल निराळा. सुरुवातीला तो उंच झाडावर नाहीतर कड्यावर तासन्‌तास बसून राही. इतका की नवख्याला वाटावे, झोप लागली आहे. मग एकदम सुटे, तिरप्या रेषेत पाण्यावर उतरे, पोटाला पाणी लागू न देता पाय पुढे टाकी, आणि तडफडणारा बोय किंवा टोळ मासा उचलून तसाच वर निघून जाई. पाण्यावर नुसती एक रेघ उमटे. समुद्रसाप नागाच्या जातीतला, जहाल विषारी. पण त्याला श्वास घ्यायला वर यावे लागते, आणि नेमका तोच क्षण काकण हेरतो.

"आता याची चोरी बघ," असे एकदा पौषातल्या सकाळी तांडेल म्हणाला. खाडीवर कैकर आला होता. हा थंडीचा पाहुणा. मासे मारण्यात त्याचा हात धरणारा पक्षी नाही. वरून स्वतःला दगडासारखे पाण्यात झोकून देतो आणि निथळत बाहेर येतो. तसा तो मासा घेऊन वर आला, तोच आमच्या आंब्यावरून काकण सुटला. दोघांची आकाशात मोठी झटापट झाली. कैकराने वळणे घेतली, गोते खाल्ले, आणि शेवटी कंटाळून मासा सोडला. तो पाण्यात पडायच्या आत काकणाने खाली झेप घेऊन अधांतरीच धरला. मला फार वाईट वाटले. आमच्या घरचा पक्षी चोर निघाला! तांडेल सुतळीला गाठ मारीत म्हणाला, "घरात पोर आहे त्याच्या. पोर असलं म्हणजे बापाला चोर व्हावं लागतं कधीमधी."

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले. त्याचा उपयोग करायची वेळ पुढे यायची होती.

मॅट्रिक झालो आणि पुढचे शिक्षण परिस्थितीने थांबले. गावच्याच शाळेत मुलांना शिकवू लागलो, रात्री कंदिलाशी आणि पुढे विजेच्या दिव्याशी बसून कादंबऱ्या लिहू लागलो. मुलांना शिकवण्याजोगे माझ्याकडे स्वतःचे असे काय होते? एक काकण होता. दर माघात चौथीच्या मुलांना घेऊन मी आमच्या परसात येई. आंब्याखालची हाडे वेचून वर्तमानपत्रावर मांडायची, कुठले हाड कुणाचे ते ओळखायचे, आणि पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन पंख झाडू लागले की दिवस मोजायचे. अंड्यातून बाहेर आल्यापासून उडेपर्यंत साधारण सत्तर-ऐंशी दिवस लागतात. मुलांनी वहीत खुणा केल्या आणि पिल्लू त्याच सुमारास उडाले, की वर्गात दिवाळी होई.

मी त्यांना वेळासची हकीकतही सांगत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे कोकण किनाऱ्यावर समुद्रगरुडाचा अभ्यास करीत हिंडत होती. तसे हिंडताना २००२ साली वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवांच्या विणीच्या खुणा दिसल्या, आणि तिथून गावकऱ्यांच्या साथीने कासवांची अंडी राखण्याचे काम उभे राहिले. आज कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला माणसे लांबून वेळासला येतात. "म्हणजे बघा," मी मुलांना म्हणे, "काकणाच्या मागे गेले म्हणून कासव सापडले. एकाची चौकशी केली की दुसऱ्याचे घर वाचते." मुले माना डोलवीत. आणि मलाही आपण फार चांगले गुरुजी आहोत असे वाटे.

२०१९ सालच्या आरंभी आमच्या घराचे वासे वाळवीने पोखरल्याचे ध्यानात आले. माजघरावरचा पाखा एका बाजूने खचला होता. आई रात्री झोपेतून दचकून उठे. मुंबईहून दादा आले, त्यांनी वर चढून पाहिले आणि छप्पर काढून पत्रे घालावेत असे ठरवले. हिशेब झाला. त्यांच्याकडे थोडे होते, माझ्याकडे त्याहून थोडे होते, आणि मधे मोठी खाच राहत होती. दादा परसाच्या दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "झाड म्हातारं झालंय. फळ कामाचं नाही. उद्या एखाद्या पावसात घरावर आलं म्हणजे? त्यापेक्षा चार पैसे तरी येतील."

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. मी बोललो नाही. आईकडे पाहिले, तर ती पदराने भिंतीवरची धूळ पुसत होती.

आंबा तोडायचा तर सरकारी परवानगी लागते; १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. गावातले निम्मे अर्ज मीच लिहून देतो, त्यामुळे हाही मीच लिहिला. गट नंबर लिहिला, बुंध्याचा घेर मोजून लिहिला, उंची अदमासाने लिहिली, झाड जुने व घरास धोकादायक आहे असे कारण लिहिले. घरट्याचा शब्द लिहिला नाही. कुणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे, हे फळ्यावर लिहिणारा हात माझाच होता. तरी तो हात त्या कागदावर थांबला नाही. घरात आई आहे, पोरे आहेत, त्यांच्या डोक्यावर छप्पर हवे, असे मी मनाशी म्हटले, आणि मला तांडेलाचे वाक्य आठवले. पण काकणाने मासा चोरला तो उघड्या आकाशात, सगळ्या बंदरासमोर. माझी चोरी कागदावर, खाली मान घालून झाली.

एवढे मात्र केले, की पिल्लू उडेपर्यंत ठेकेदाराला थांबवले. तो भला माणूस होता, मे महिन्यापर्यंत थांबला. बावीस हजार रुपये ठरले. शाळेला सुटी लागलेली होती हे माझ्या पथ्यावरच पडले. दोन दिवस करवतीचा आवाज चालला होता. आंबा पडला तेव्हा घराची भांडी फडताळात वाजली. घरटे खाली आपटून फुटले, आणि मी त्याचे थर पहिल्यांदा जवळून पाहिले. तळाशी मातीसारखा काळा चुरा, मग करड्या काड्या, मग ओळखीच्या काड्या. मधे कुठे जाळ्याचा तुकडा, कुठे निळी दोरी, आणि सगळीकडे आजीचे ते मणके. बाजेएवढ्या घरट्याच्या काटक्यांचे सहा भारे भरले. आमच्याकडे सरपण फुकट जाऊ देत नाहीत. ते भारे न्हाणीच्या बाजूला रचून ठेवले.

जूनमध्ये शाळा उघडली. चौथीतून पाचवीत गेलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या वहीत पिल्लाचे दिवस मोजल्याच्या खुणा होत्या. म्हणाली, "गुरुजी, आंबा कुठे गेला?" मी म्हणालो, "घरासाठी तोडावा लागला." ती जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मग त्यांच्या घराचं?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पळत वर्गात गेली. मुलांना आपण कुणाला किती खोल विचारले हे कळत नाही, हे एका परीने बरेच आहे.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला आले होते. क्यार वादळ समुद्रात घोंघावत होते, पाऊस थांबत नव्हता, शेतांतले भात भिजून आडवे झाले होते. नव्या पत्र्यांवर पावसाचा असा काही ताशा वाजत होता की घरात बोललेले ऐकू येत नव्हते. पहाटे मी न्हाणीतली चूल पेटवली. घरट्याच्या काटक्या उरल्या होत्या, त्याच घातल्या. वर्षानुवर्षे वाळलेल्या, चटकन पेटल्या. मुलांना उटणे लावून झाले, आणि पाऊस जरा उघडला म्हणून मी परसात आलो.

उजाडत होते. आकाशात काकण होता. पायांत हातभर लांब फांदी धरून तो परसावर घिरट्या घालीत होता, नेमक्या त्या उंचीवर, जिथे आंब्याचा शेंडा असे. एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि उतरायला पाय खाली सोडले. तिथे काही नव्हते. पुन्हा वर गेला. मग कडेच्या माडावर बसू लागला, पण झावळ त्याच्या भाराने वाकली आणि फांदी निसटून खळ्यात पडली. मादी दूर खडकावरून हाका घालीत होती. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी ती दोघे दिसली नाहीत. खळ्यात पडलेली काटकी आईने उचलली. चुलीत घातली नाही, तुळशीवृंदावनाच्या मागे नेऊन ठेवली. मला ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. दुपारी दोन-तीन तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या भुईसपाट झाल्या. सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळांसकट उपटले. आंब्याच्या पैशांनी घातलेले आमचे पत्रे एकामागून एक सुटले आणि कागदासारखे उडून खाडीत गेले. आम्ही सगळे माजघरातल्या कोपऱ्यात आईभोवती बसून होतो. वारा पडल्यावर बाहेर आलो, तेव्हा घराला छप्पर नव्हते आणि गावाला सावली नव्हती.

दादा फोनवर म्हणाले, "बघ, आंबा असता तर घरावरच पडला असता." खरे आहे. कदाचित पडला असता. कदाचित त्याने वारा अडवून पत्रे वाचवलेही असते. कुठलेच सिद्ध करता येणार नाही. पण वादळाने पाडले असते तर मी काकणाबरोबर रडलो असतो. आता तेवढा माझा हक्क राहिला नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर कार्तिकात, उघड्या बोडक्या झालेल्या डोंगरउतारावरून पुन्हा ती हाक ऐकू आली. पलीकडच्या वाडीत एक जुना किंजळ वादळातून वाचला होता. शेंडा मोडला होता, पण खोड आणि दोन जाड फांद्या शाबूत होत्या. त्या दुबेळक्यात काकणाने नव्याने काड्या रचायला घेतल्या होत्या. आमच्या घरावर त्याच दिवसांत सुतार चढलेले होते. दोन्ही घरांची शाकारणी एकाच महिन्यात चालली. २०२१ च्या मार्चमध्ये किंजळावरून एक तपकिरी पिल्लू उडाले. शाळा तेव्हा नीट भरत नव्हत्या; ते पाहायला मी आणि माझी धाकटी मुलगी अशी दोघेच होतो. त्यानंतर मात्र मी दर माघात मुलांना घेऊन पलीकडच्या वाडीत जातो. हाडे ओळखून झाली की त्यांना आमच्या आंब्याची गोष्ट सांगतो. अर्जात काय लिहिले नाही, हेही सांगतो. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. आता अडखळत नाही.

यंदा भाद्रपदात त्या वाडीचा मालक माझ्याकडे आला. तो माझा जुना विद्यार्थी. त्यानेही एके काळी वर्तमानपत्रावर हाडे मांडली होती. वादळात गेलेली त्याची बाग अजून उभी राहिलेली नाही, होडीचे इंजिन बसले आहे, आणि किंजळाचे लाकूड इमारतीला चांगले म्हणून गिऱ्हाईक दारात आले आहे. म्हणाला, "गुरुजी, अर्ज लिहून द्या." त्याला नाही म्हणायचे तोंड मला नव्हते. मी कागद घेतला. गट नंबर लिहिला, घेर लिहिला, उंची लिहिली. आणि खाली एक ओळ लिहिली : 'सदर झाडावर समुद्रगरुडाच्या जोडीचे घरटे असून सन २०२० पासून ते वापरात आहे.'

त्याने कागद वाचला. बराच वेळ त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभा होता. मग म्हणाला, "हे लिहायलाच हवं का, गुरुजी?"

मी म्हणालो, "झाड तुझं आहे, गरजही खरी आहे. ती मी लिहिली. हेही खरंच आहे, म्हणून लिहिलं. तुला नको असेल तर कागद फाडून टाक आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. मी रागावणार नाही."

त्याने कागद फाडला नाही. घडी करून खिशात घातला आणि "आईला विचारून बघतो," म्हणून गेला. इंजिनासाठी पतपेढीत काही जमते का, ते पाहायला आम्ही दोघे एकदा तालुक्याला जाऊन आलो. अजून जमलेले नाही. कागदही अजून कचेरीत गेलेला नाही. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा घटस्थापना दोन दिवसांवर आली आहे. आज पहाटे पलीकडच्या वाडीतून काकणाने हाक दिली. आंबा होता तेव्हा ती डोक्यावरून येई. आता खाडीवरून, वाऱ्याबरोबर लहानमोठी होत येते. दुसऱ्याने ओ दिली. मी अंथरुणात उठून बसलो. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. तिला आता कमी ऐकू येते, पण एवढे बरोबर ऐकू येते.

"ऐकलंस का रे?" ती म्हणाली, "आता चकलीची भाजणी करायला हवी."